रीजॉइन केलं की चालतं, महिन्याने पुन्हा तुटतं: लिनक्स मशीन आणि विंडोज डोमेन

लिनक्स सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या, म्हणजे खाती आणि मशीन एका जागी सांभाळणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेच्या, डोमेनला जोडलेला आहे. डोमेनच्या खात्यांनी लॉगिन होतं, शेअर (नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर) उघडतात, सगळं सुरळीत आहे. मग कोणी कशाला हात लावलेला नसताना एका सकाळी तक्रारी सुरू होतात. कुणाचं एसएसएच लॉगिन नाकारलं जातं, कुणाला शेअरवर पासवर्ड विचारला जातो आणि बरोबर पासवर्ड टाकूनही आत जाता येत नाही. ॲडमिन मशीन डोमेनमधून काढतो, पुन्हा जोडतो, सेवा रीस्टार्ट करतो आणि सगळं चालू होतं. काही आठवड्यांनी तेच मशीन, तीच तक्रार.

हे चक्र अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालू असतं, कारण रीजॉइनला दहा मिनिटं लागतात आणि मूळ कारण शोधायला अर्धा दिवस. तो अर्धा दिवस एकदा द्याच. रीजॉइनने नेमकं काय होतं हे कळलं की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

पासवर्ड मशीनलाही असतो

डोमेनमध्ये माणसांची खाती असतात तशी मशीनचीही असतात. मशीनच्या खात्याचं नाव होस्टनेम आणि शेवटी डॉलरचं चिन्ह असं असतं. मशीन डोमेनला जोडताना या खात्याला एक लांबलचक यादृच्छिक पासवर्ड दिला जातो. त्याची एक बाजू डोमेन कंट्रोलरकडे (डोमेनची खाती ठेवणाऱ्या सर्व्हरकडे) राहते, दुसरी लिनक्स मशीनवर. मशीन कर्बेरॉसने, म्हणजे डोमेनच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीने, स्वतःची ओळख पटवतं ती याच पासवर्डच्या जोरावर. ती पटली नाही तर वापरकर्त्यांची नावं, ग्रुप, परवानग्या यांपैकी काहीच विचारता येत नाही.

हा पासवर्ड ठरावीक काळाने बदलला जातो. विंडोजमध्ये हा काळ मुळात ३० दिवसांचा असतो. बदल डोमेन कंट्रोलर लादत नाही, मशीन स्वतःहून करतं. त्यामुळे सहा महिने कपाटात पडलेला लॅपटॉप नेटवर्कवर आणला तरी, कोणी त्याचं खातं बंद केलं नसेल तर, तो जुन्याच पासवर्डने व्यवस्थित ओळख पटवतो. महिनाभर मशीन बंद होतं म्हणून विश्वास तुटला, हे स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं आणि ते चुकीचं आहे. विश्वास तुटतो तो दोन बाजूंकडचे पासवर्ड वेगळे झाल्यावर. म्हणजे कोणीतरी एका बाजूला पासवर्ड बदलला आणि दुसऱ्या जागी तो पोचला नाही.

रीजॉइन केल्यावर नवा पासवर्ड दोन्हीकडे लिहिला जातो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. बदलाची पुढची वेळ आली की ज्या कारणाने आधी तुटलं त्याच कारणाने पुन्हा तुटतं.

किती दिवसांनी तुटतं ते आधी बघा

मागच्या काही वेळी मशीन नेमकं कधी तुटलं याच्या तारखा काढा. तक्रारींच्या नोंदी, लॉग, रीजॉइनच्या वेळा, जे मिळेल ते. या अंतरातून निम्मं निदान होतं.

साधारण ३० दिवसांचं अंतर असेल तर पासवर्ड बदलणारा एसएसएसडी, म्हणजे लिनक्सवर डोमेनची लॉगिन सांभाळणारी सेवा, आहे. तो सुरू झाल्यावर सुमारे पाव तासाने आणि नंतर दर २४ तासांनी पासवर्डचं वय तपासतो, आणि वय ३० दिवसांच्या पुढे गेलं की ॲडक्लाय नावाच्या साधनाकडून नवा पासवर्ड लावून घेतो. ॲडक्लाय मशीनवर नसेल तर बदल होतच नाही.

७ दिवसांचं अंतर असेल तर संशय सांबाच्या विनबाइंडवर घ्या. सांबा म्हणजे लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारं सॉफ्टवेअर आणि विनबाइंड ही त्याची डोमेनशी बोलणारी सेवा. त्याच्या सेटिंगमध्ये पासवर्ड बदलाची मुदत मुळात ६,०४,८०० सेकंद, म्हणजे बरोबर एक आठवडा असते.

दिवसातून एकदा, सकाळी लॉगिन केल्यापासून साधारण दहा तासांनी काहीतरी बंद पडत असेल, तर तो मशीनच्या पासवर्डचा प्रश्नच नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत कर्बेरॉस तिकिटाचं (ओळख पटल्यावर मिळणाऱ्या पासाचं) आयुष्य मुळात १० तासांचं असतं आणि नूतनीकरणाची मुदत ७ दिवसांची. रात्रभर चालणारं काम पहाटे शेअरवर लिहायला जातं तेव्हा तिकीट संपलेलं असतं. अशा वेळी विनबाइंडमध्ये तिकिटं ताजी ठेवण्याची सेटिंग चालू करा, एसएसएसडीत नूतनीकरणाचा अवधी द्या. जी कामं माणसाशिवाय चालतात त्यांना स्वतंत्र सेवा-खातं आणि त्याचा वेगळा कीटॅब (पासवर्डपासून बनलेल्या किल्ल्यांची फाइल) द्या. माणसाच्या तिकिटावर रात्रीची कामं टांगून ठेवू नयेत.

काहीच नियम दिसत नसेल, पण दर वेळी आधी स्नॅपशॉटवर (मशीनच्या जुन्या अवस्थेच्या प्रतीवर) मागे जाणं, बॅकअपमधून फाइल आणणं किंवा नवं मशीन उभं करणं घडलेलं असेल, तर त्याचा भाग पुढे आहे.

जुने आत, नवे बाहेर

एक लक्षण वेगळं सांगायला हवं, कारण ते तपासाची दिशाच चुकवतं. रोजचे वापरकर्ते लॉगिन करू शकतात, पण या मशीनवर कधीच न आलेल्या सहकाऱ्याला ‘असा वापरकर्ता नाही’ असं उत्तर मिळतं. ॲडमिनचं लक्ष लगेच त्या सहकाऱ्याच्या खात्याकडे जातं, त्याचे ग्रुप तपासले जातात, त्याचा पासवर्ड बदलून दिला जातो.

खरं तर मशीन डोमेनपासून तुटलेलं असतं. मशीनची ओळख पटेनाशी झाली की एसएसएसडी ऑफलाइन अवस्थेत जातो आणि कॅशमध्ये साठवलेल्या माहितीवर जुन्या लोकांना आत घेत राहतो. रिअल्मडी या डोमेनला जोडून देणाऱ्या साधनाने जोडलेल्या मशीनवर ही कॅश सहसा चालूच असते. लॅपटॉपसाठी ही मोठी सोय आहे, पण सर्व्हरवर ती बिघाड कित्येक दिवस झाकून ठेवते. म्हणून वर काढलेल्या तारखा तक्रारीच्या धरू नका, लॉगमध्ये पहिली चूक दिसते ती तारीख धरा. दोन्हींत आठवडाभराचा फरक पडू शकतो आणि मग ३० दिवसांचा नियम ३७ दिवसांचा दिसतो.

एसएसएस-सीटीएल या आज्ञेला डोमेनची स्थिती विचारली की ते ऑनलाइन आहे की ऑफलाइन हे एका ओळीत कळतं. कोणत्याही वापरकर्त्याच्या खात्यात हात घालण्याआधी ती ओळ वाचा.

मशीनच्या नावाने ओळख पटवून बघा

आता खरी तपासणी. लिनक्सवर मशीनच्या किल्ल्या ईटीसी फोल्डरमधल्या ‘केआरबी५ डॉट कीटॅब’ या फाइलमध्ये असतात. रूट होऊन के-इनिट ही तिकीट मागणारी आज्ञा चालवा आणि पासवर्ड न विचारता कीटॅब वापरायला सांगा.

इथे एक खाच आहे. नाव न देता के-इनिटला कीटॅब वापरायला सांगितलं तर ते ‘होस्ट’ने सुरू होणारं सेवेचं नाव घेतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ते नाव सेवेसाठी नोंदलेलं असतं, त्याने लॉगिन करता येत नाही. मग उत्तर येतं की कर्बेरॉसच्या नोंदीत असा क्लायंट सापडला नाही, आणि मशीनचं खातंच उडालं असं समजून रीजॉइन केलं जातं. म्हणून नाव पूर्ण द्या: होस्टनेम मोठ्या अक्षरांत, त्याला डॉलर, मग ॲट आणि रिअल्मचं (कर्बेरॉसमधलं डोमेनचं) नाव, तेही मोठ्या अक्षरांत. शेलमध्ये डॉलरला वेगळा अर्थ आहे, तेव्हा ते सगळं एकेरी अवतरणचिन्हांत ठेवा.

पूर्ण नाव देऊनही क्लायंट सापडला नाही असं आलं, तर खातं खरोखर काढलेलं किंवा नाव बदललेलं आहे. पूर्वप्रमाणीकरण फसलं असं आलं, तर कीटॅबमधला पासवर्ड आणि डोमेनचा पासवर्ड वेगळे झालेत, आणि आपला सगळा विषय हाच आहे. खातं रद्द केल्याचा संदेश आला, तर विंडोजच्या बाजूने कोणीतरी ते बंद केलंय. घड्याळांत फार अंतर आहे असं आलं, तर आधी वेळ नीट करा. मुळात ५ मिनिटांपर्यंतचा फरकच चालतो. एन्क्रिप्शनच्या प्रकाराला आधार नाही असं आलं, तर एका बाजूला आरसी४ ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत बंद झालीय आणि दुसरी बाजू अजून तीच मागतेय. एईएस या नव्या पद्धतीच्या किल्ल्या दोन्हीकडे आहेत का ते पाहा.

पूर्वप्रमाणीकरण फसत असेल तर आवृत्ती-क्रमांकांची तुलना करा. पासवर्ड बदलला की डोमेनमध्ये त्या खात्याचा किल्ली-क्रमांक एकाने वाढतो. क्लिस्ट या आज्ञेला कीटॅबमधल्या नोंदी दाखवायला सांगा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हा क्रमांक दिसतो. मग स्वतःच्या डोमेन खात्याने तिकीट घ्या आणि केव्हीएनओ या छोट्या आज्ञेला मशीनच्या होस्ट सेवेचं नाव द्या. डोमेन सध्या कोणता क्रमांक धरून आहे ते ती सांगते.

कीटॅबमध्ये ५, ६ आणि ७ आहेत आणि डोमेन ९ म्हणतंय, असं दिसलं तर पासवर्ड दोनदा बदलला गेला आणि दोन्ही वेळा ही फाइल अंधारात राहिली. कीटॅबमध्ये जुने क्रमांक असणं हा दोष नाही. आधीच दिलेली तिकिटं उलगडायला ते मुद्दाम ठेवलेले असतात, तेव्हा साफसफाई म्हणून ते उडवू नका. सर्वांत मोठा क्रमांक डोमेनशी जुळतो का एवढंच बघायचं. क्रमांक जुळूनही ओळख पटत नसेल तर एकाच नावाच्या खात्यावर दोन मशीन बसलेली असू शकतात.

बहुतेक वेळा सापडणारं कारण: एक पासवर्ड, दोन कारभारी

थोडी मागची गोष्ट सांगतो, कारण हा घोळ इतिहासातून आलेला आहे. सांबा १९९२ पासून आहे; अँड्र्यू ट्रिजेलने ते सुरू केलं तेव्हा ॲक्टिव्ह डिरेक्टरी जन्मायचीही होती, ती विंडोज २००० बरोबर आली. सांबा मशीनचा पासवर्ड आपल्या खासगी फोल्डरमधल्या ‘सिक्रेट्स डॉट टीडीबी’ या फाइलमध्ये ठेवतं. नंतर एसएसएसडी आला, त्याच्यासोबतीला रिअल्मडी आणि ॲडक्लाय आले. ही मंडळी कीटॅबला प्रमाण मानतात आणि सांबाची फाइल मुळात बघतही नाहीत.

आता नेहमीचा क्रम पाहा. रिअल्मडीने मशीन जोडलं. त्याने ॲडक्लाय वापरलं, कीटॅब तयार झाला, लॉगिन चालू झालं. काही महिन्यांनी कोणाला तरी याच मशीनवरून शेअर द्यावासा वाटला. सांबा बसवलं. सांबाकडे पासवर्डच नाही, म्हणून ॲडमिनने नेट ॲड्स जॉइन ही सांबाची जोडणीची आज्ञा चालवली. त्या क्षणी डोमेनमधला पासवर्ड बदलला आणि सांबाच्या फाइलमध्ये गेला. सांबाला कीटॅबही लिहायला सांगितलेलं असेल तर दोन्ही जागा भरल्या. आता दोन्ही सेवा चालतात. सात दिवसांनी विनबाइंड पासवर्ड बदलतो किंवा तीस दिवसांनी एसएसएसडी बदलतो, आणि दुसऱ्याची जागाही अद्ययावत करायची सेटिंग नसेल तर जो बदलतो तो फक्त स्वतःची जागा अद्ययावत करतो. एकाच दाराचं कुलूप घरातल्या दोघांनी एकमेकांना न सांगता बदलत राहावं, तसं हे चालतं.

एसएसएच चालतंय पण शेअर बंद, किंवा शेअर चालू पण एसएसएच बंद, असं अर्धवट लक्षण दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हेच तपासा. नेट ॲड्स टेस्टजॉइन सांबाच्या फाइलमधला पासवर्ड तपासतं, ॲडक्लायचं टेस्टजॉइन कीटॅब तपासतं. एक पास आणि दुसरं नापास झालं की निदान पूर्ण.

बऱ्याच काळापासून चालत आलेल्या सर्व्हरवर तिसरा कारभारीही सापडतो. लाइकवाइज ओपन नावाचं एक मुक्तस्रोत साधन एके काळी लिनक्स मशीन डोमेनला जोडायला सर्रास वापरलं जायचं. पुढे ते बियाँडट्रस्टकडे गेलं आणि पॉवरब्रोकरच्या नावाने चालत राहिलं. त्याची सेवाही पासवर्ड स्वतःच्या नोंदीत ठेवते आणि स्वतःच बदलते. एसएसएसडीवर स्थलांतर झालं, पण जुनं पॅकेज काढायचं राहून गेलं आणि सेवा पाठीमागे चालूच राहिली, असं दिसू शकतं. चालू प्रक्रियांच्या यादीत ‘एलडब्ल्यू’ने सुरू होणारी किंवा ‘एलसॅसडी’ नावाची प्रक्रिया आहे का ते बघा. असेल तर स्थलांतर अजून पुरं झालेलं नाही.

एकालाच कारभार द्या

माझं स्पष्ट मत आहे की एका मशीनवर एकच साधन असावं. लोक फक्त लॉगिन करतात अशा वर्कस्टेशन आणि ॲप्लिकेशन सर्व्हरवर एसएसएसडी. शेअर देणाऱ्या फाइल सर्व्हरवर विनबाइंड, आणि लॉगिनही त्याच्याच मार्फत. सांबा ४.८ पासून डोमेनचा सदस्य असलेल्या फाइल सर्व्हरला विनबाइंड चालू असणं अनिवार्यच आहे, तेव्हा तिथे एसएसएसडी आणून जोडी जमवण्यात फायदा थोडा आणि ताप जास्त.

एसएसएसडीवरून विनबाइंडवर किंवा उलट जाणार असाल तर आधी आयडीचा हिशेब करा. एसएसएसडी वापरकर्त्याच्या विंडोज ओळख-क्रमांकावरून लिनक्सचा यूआयडी (लिनक्सवरचा वापरकर्त्याचा आकडा) गणिताने काढतो, तर विनबाइंडमध्ये तो कसा निघेल हे निवडलेल्या पद्धतीवर ठरतं. टीडीबी पद्धतीत तर जो आधी येईल त्याला पुढचा आकडा मिळतो, म्हणजे दोन सर्व्हरवर एकाच माणसाचे दोन यूआयडी. साधन बदललं आणि आकडे जुळले नाहीत तर डिस्कवरच्या सगळ्या फाइल अनोळखी आकड्यांच्या मालकीच्या दिसू लागतात. स्थलांतराआधी चार-पाच वापरकर्त्यांचे यूआयडी आणि ग्रुप लिहून ठेवा आणि नंतर जुळवा. ही तयारी टाळलेल्या स्थलांतरात परवानग्या निस्तरायला लागणारा वेळ मूळ बिघाडाच्या कितीतरी पट असतो.

काही कारणाने दोन्ही ठेवणं भागच असेल, तर पासवर्डचा कारभार एकाकडे द्या.

सांबाकडे द्यायचा असेल तर एसएसएसडीत मशीनच्या पासवर्डचं कमाल वय शून्य करा. शून्य म्हणजे तू बदलू नकोस. आणि सांबात कर्बेरॉस पद्धत ‘सिक्रेट्स अँड कीटॅब’ ठेवा, म्हणजे तो पासवर्ड बदलताना कीटॅबही लिहील. सांबा ४.२१ मध्ये कोणत्या कीटॅबमध्ये काय लिहायचं हे सांगणारी वेगळी सेटिंग आली आहे. त्या आवृत्तीवर किंवा पुढे अपग्रेड केल्यानंतर हे दुखणं नव्याने सुरू झालं असेल तर सर्वांत आधी ती सेटिंग पाहा.

एसएसएसडीकडे द्यायचा असेल तर सांबातली पासवर्डची मुदत शून्य करा आणि एसएसएसडीला सांबाचा पासवर्डही अद्ययावत करायला सांगणारी सेटिंग चालू करा. ती मुळात बंद असते.

दोघांचाही बदल बंद करून टाका, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. तात्पुरतं बरं वाटतं, कारण पासवर्ड बदललाच नाही तर काही तुटत नाही. पण एक तर किल्ली वर्षानुवर्षं तीच राहते, ते सुरक्षेला बरं नाही. दुसरं, विंडोजच्या बाजूला निष्क्रिय मशीनची खाती बंद करणारी स्क्रिप्ट अनेक ठिकाणी ठरावीक काळाने चालते, आणि अशा बऱ्याच स्क्रिप्ट पासवर्ड शेवटचा कधी बदलला तेच बघतात. तुमचा रोज राबणारा सर्व्हर त्यांच्या लेखी मेलेला असतो. मग तिमाहीला एकदा खातं बंद होतं आणि नवं चक्र सुरू होतं. बदल बंद ठेवावाच लागला तर डोमेन सांभाळणाऱ्यांना ते मशीन वगळायला लेखी सांगा.

पासवर्ड मागे नेणाऱ्या गोष्टी

कारभारी एकच असूनही तुटत असेल तर कोणीतरी जुना कीटॅब परत आणतंय.

स्नॅपशॉट हे त्यातलं सगळ्यांत सरळ कारण. पंधरा दिवसांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर मशीन नेलं आणि मधल्या काळात पासवर्ड बदलला असेल, तर मशीनकडे जुना आणि डोमेनकडे नवा. ज्या चाचणी-मशीनवर हे वारंवार करायचं असतं तिथे बदल बंद ठेवणं मला मान्य आहे, वर सांगितलेली वगळणी करून.

टेम्प्लेट हे जरा लपलेलं कारण. आधी डोमेनला जोडलेल्या मशीनचीच प्रतिमा काढली आणि तिच्यावरून दहा मशीन उभी केली. सगळ्यांकडे एकच कीटॅब, म्हणून सगळी व्यवस्थित चालतात. मग त्यांपैकी एकाने पासवर्ड बदलला की बाकीची नऊ एकदम पडतात. त्या नवांपैकी एकाला त्याच खात्यावर रीजॉइन केलं की आधीचं पडतं. मशीन डोमेनला जोडायचं ते प्रतिमेवरून उभं राहिल्यानंतर, स्वतःचं नाव मिळाल्यावर.

नावांवरूनही हेच होतं. मशीनच्या खात्याचं छोटं नाव १५ अक्षरांपर्यंतच असतं. होस्टनेम त्याहून लांब असेल तर ॲडक्लाय ते १५ अक्षरांवर छाटतं. ‘हिशेबविभाग-सर्व्हर-०१’ आणि ‘हिशेबविभाग-सर्व्हर-०२’ अशा घाटाची इंग्रजी नावं असतील तर शेवटचा वेगळेपणाचा आकडाच कापला जातो आणि दोन्ही मशीन एकाच खात्यावर बसतात. एकाला दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं, आणि दोन वेगळे ॲडमिन दोन्ही सांभाळत असतील तर ते एकमेकांच्या कामावर नकळत पाणी फिरवत राहतात. आळीपाळीने तुटणारी दोन मशीन दिसली की त्यांच्या नावांची अक्षरं मोजा.

कॉन्फिगरेशन सांभाळणारी साधनं कीटॅब ही एक साधी फाइल समजून दर वेळी आपल्याकडची प्रत टाकत असतील तर तेही बघा. ही फाइल केंद्रातून वाटायची नसते. आणि कीटॅब हाताने कॉपी केला असेल तर एसईलिनक्सचं (लिनक्सच्या सुरक्षा-व्यवस्थेचं) लेबल बिघडलेलं असू शकतं. जुनं वाचता येतं पण नवं लिहिता येत नाही, अशी विचित्र अवस्था त्यातून येते.

शाखा असलेल्या जाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. पासवर्ड एका डोमेन कंट्रोलरवर बदलला आणि एसएसएसडी नंतर दुसऱ्या शाखेच्या कंट्रोलरकडे गेला. दोन साइटमधली प्रतिकृती, म्हणजे एका कंट्रोलरवरचा बदल दुसऱ्याकडे जाणं, मुळात १८० मिनिटांनी होते. तेवढा वेळ ओळख पटत नाही आणि मग आपोआप पटू लागते. दुरुस्ती साइटच्या नोंदीत आहे: या मशीनचं सबनेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीत योग्य साइटला जोडलेलं आहे का ते डोमेनवाल्यांकडून बघून घ्या, म्हणजे मशीन जवळच्या कंट्रोलरला धरून राहील.

डीएनएसबद्दल, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेबद्दल, थोडक्यात. मशीनच्या नेमसर्व्हरच्या यादीत फक्त डोमेनचे सर्व्हर असू द्या. दुसरा म्हणून बाहेरचा सार्वजनिक सर्व्हर ठेवला की पहिला क्षणभर अडखळला तरी डोमेनच्या नोंदी सापडेनाशा होतात आणि एसएसएसडी ऑफलाइन जातो. डोमेनचं नाव ‘डॉट लोकल’ने संपत असेल तर अवाही (स्थानिक जाळ्यात नावं शोधणारी सेवा) ती विचारणा मध्येच अडवत नाही ना, हे नावं कोणत्या क्रमाने शोधायची ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये पाहा.

दुरुस्ती, डोमेन न सोडता

डोमेन सोडण्याची आज्ञा शक्यतो चालवू नका. नेट ॲड्स लीव्ह मशीनचं खातं काढून टाकू शकतं. खातं गेलं की त्याचे ग्रुप, सेवांची नोंदलेली नावं आणि दिलेले अधिकार गेले. नव्याने जोडल्यावर त्याच नावाचं पण वेगळं खातं तयार होतं.

सांबाचा पासवर्ड बरोबर आणि कीटॅब जुना असेल तर नेट ॲड्सच्या कीटॅब आज्ञेने सांबाच्या पासवर्डावरून कीटॅब पुन्हा बनवा. कीटॅब बरोबर आणि सांबाचा जुना असेल तर ॲडक्लायच्या अपडेट आज्ञेला पासवर्डचं वय शून्य धरायला आणि सांबाची माहितीही भरायला सांगा. नवा पासवर्ड एकाच वेळी दोन्ही जागी जातो. दोन्ही जुने असतील तर अधिकार असलेल्या डोमेन खात्याने, डोमेन न सोडता, आहे त्याच खात्यावर पुन्हा जॉइन करा. हे सगळं कारभारी ठरवून सेटिंग बदलल्यानंतर, आधी नाही.

एसएसएसडीची कॅश उडवण्याची घाई नको. मशीन ऑनलाइन आल्याची खात्री होण्याआधी ती उडवली तर कॅशच्या जोरावर आत येणारेही बाहेर राहतात, आणि त्यात कदाचित तुम्हीही असाल. रूटचं एक लॉगिन उघडं ठेवूनच काम करा.

दुरुस्ती खरी झाली का हे कळायला महिनाभर थांबायची गरज नाही. बदल आत्ताच घडवून आणा. एसएसएसडी कारभारी असेल तर ॲडक्लायच्या अपडेटने, सांबा असेल तर नेट ॲड्सच्या विश्वास-पासवर्ड बदलण्याच्या आज्ञेने. कीटॅबमध्ये नवा क्रमांक आला का, तो डोमेनशी जुळतो का, दोन्ही टेस्टजॉइन पास होतात का, एसएसएसडी ऑनलाइन आहे का, आणि या मशीनवर कधीच न आलेल्या एका वापरकर्त्याचं लॉगिन होतं का, हे बघा. मग सेवा रीस्टार्ट करून पुन्हा एकदा बदल घडवा. दुसऱ्या वेळचा बदल महत्त्वाचा आहे, कारण पहिला तुमच्या हातच्या दुरुस्तीवर उभा असतो आणि दुसरा नव्या सेटिंगवर.

एवढं करूनही तुटलं तर रीजॉइनआधी पुरावा जमवा. तुटलेल्या अवस्थेतला कीटॅबच्या क्रमांकांचा तक्ता, डोमेनकडचा क्रमांक, दोन्ही टेस्टजॉइनचं उत्तर, एसएसएसडीच्या लॉगमधली पहिल्या चुकीच्या आसपासची पाच मिनिटं, आणि कर्बेरॉसचा ट्रेस चालू करून घेतलेलं के-इनिटचं पूर्ण आउटपुट. त्या ट्रेसमध्ये कोणत्या कंट्रोलरला विचारलं, कोणत्या एन्क्रिप्शनने, आणि नकार नेमका कोणी दिला हे ओळीने दिसतं. विंडोजकडून मशीनच्या खात्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला ती वेळ मिळवा आणि त्या मिनिटाला लिनक्सच्या लॉगमध्ये कोणती सेवा जागी होती ते शोधा. मदत मागताना हे सगळं द्या. फक्त कीटॅब आणि सांबाची सिक्रेट्स फाइल कुणालाही पाठवू नका. त्या फाइल म्हणजे मशीनचा पासवर्डच आहे, आणि चुकून पाठवल्या गेल्याच तर लगेच पासवर्ड बदलून टाका.